गाडी रेल्वेवर कशाला चढवता?

‘चांगली चाकं असलेली गाडी रेल्वेवर कशाला चढवता हो?’ ट्रान्सपोर्टचा धंदा म्हटला की हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही गाठतो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं सांगतो.

1999 पासून कोकण रेल्वे भरलेले ट्रक सपाट वॅगनवर घालून कोलाडहून गोव्यात वेर्ण्याला नेते. रो-रो म्हणतात तिला. शेवटच्या वॅगनला लागलेल्या रॅम्पवरून ट्रक चढतो आणि एकेक वॅगन ओलांडत पार पुढे जातो. दोन्ही अंगांना जागा बेताचीच, त्यामुळे नवखा ड्रायव्हर घामाघूम होतो. गाडी गिअरमध्ये टाकली, चाकांना अटकाव लावला की झालं. पुढे केबिनमध्येच डबा खायचा नि ताणून द्यायची.

भरलेली गाडी लिटरला चारेक किलोमीटर देते, आणि हे अंतर चारशेच्या वर. म्हणजे शंभरेक लिटर डिझेल जळत नाही. रेल्वेला ऊर्जा लागत नाही असं नाही, पण खरी गोम चढात आहे. कशेडीला आता बोगदा झालाय, तरी रस्त्यात घाट आहेतच. पहिल्या गिअरमध्ये धूर ओकत वर जायचं आणि उतारावर ब्रेक तापवून ते सगळं घालवायचं! कोकण रेल्वेनं डोंगर पोखरले, दऱ्यांवर पूल टाकले, ते चढ 150 मीटरला 1 मीटरच्या आत राहावा म्हणूनच. शिवाय पोलादी चाक टायरसारखं दबत नाही, म्हणून ओढायला जोर कमी लागतो. 2022 पासून सगळ्या मार्गावर वीज आहे. त्याआधी डिझेल इंजिनाच्या धुरामुळे साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात काचा चढवून नाकाला रुमाल लावावा लागे.

वीज बरीचशी कोळशाचीच, कबूल. ट्रकचं स्वतःचं वजनही उगाच वाहावं लागतं. नुसता कंटेनर पाठवणं जास्त काटकसरीचं. पण मग क्रेन आली, पलीकडे दुसरी गाडी आली, आणि गिऱ्हाइकाला तर माल गोदामाच्या दारात हवा.

खेड-चिपळूणचा माल मी रस्त्यानंच धाडतो. तेवढ्यासाठी कोलाडला खोळंबणं परवडत नाही. थेट गोवा किंवा कर्नाटकातल्या सुरतकलचं भाडं असेल तर मात्र रो-रोच. फक्त उंची आधी मोजून घ्या. वर विजेची तार आहे, माल फुगवून बांधलेली गाडी चढवून घेत नाहीत.