तुम्ही विचारलंत म्हणून : तिकडे वर खायचं काय?

हिमालयात तंबूत राहून, पायी खिंड ओलांडून आले असं पुण्याच्या आतेभावाला सांगितलं, तर त्यानं पहिल्यांदा बुटांची कंपनी विचारली. इंदूरची माणसं तसलं काही विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच : "मग खायला काय होतं?"

हा प्रश्न मला राजेंद्र नगरच्या आमच्या गल्लीत, भिशीत, आरतीनंतर हातात प्रसाद घेऊन, आणि एकदा रात्री साडेअकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाता खाता विचारला आहे. शेजारच्या वहिनींनी तर वर काळजीनं विचारलं, "शेव तरी नेली होतीस ना गं?" नेली होती. तिचंही सांगते.

आधी जागा सांगते, म्हणजे स्वयंपाकाच्या अडचणी कळतील. ट्रेकचं नाव पिन-भाबा. हिमाचलमध्ये किन्नौरमधल्या काफनू गावातून भाबा नदीच्या काठानं वर चढत जायचं, खिंड ओलांडायची आणि पलीकडे स्पितीतल्या पिन खोऱ्यात, मुद नावाच्या गावात उतरायचं. मुक्काम मुलिंगला साधारण ३२५० मीटरवर, मग कारा ३५५०, मग फुतसिरंग ४१००, आणि खिंड ४९०० च्या आसपास. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे. मी सराव केला तो रालामंडलवर, पाठीवर पाच किलो आट्याची थैली घेऊन. ती टेकडी ७८२ मीटरची. चढून खाली आलं की गेटाबाहेर चहा मिळतो. काफनू सोडल्यावर मुदपर्यंत चहाची टपरी नाही, दुकान नाही, वस्ती नाही. भेटलेच तर मेंढपाळ, आणि त्यांचे कुत्रे.

म्हणजे पाच दिवसांचं जे काही खायचं ते काफनूलाच खेचरांच्या पाठीवर चढतं. डाळ, तांदूळ, आटा, बटाटे, कांदे, दुधाची पावडर, छोटे गॅस सिलिंडर, दोन कुकर. अंडी मात्र खेचरावर नसतात. तीस अंड्यांचा एक ट्रे मदतनीस मुलानं दोरी बांधून पाठीवर घेतला होता आणि कोणी त्याच्या मागून जवळून चाललं की तो वळून बघायचा. आमच्या ग्रुपमध्ये अकरा जण होतो. सगळ्यांत जपून चालत होती ती अंडी.

कुकर दोन का, हे मला मुलिंगलाच कळलं. उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी लवकर उकळतं. लवकर म्हणजे कमी तापमानाला. आपल्याकडे ९८ अंशांच्या आसपास उकळतं, फुतसिरंगला ८६ च्या आसपास. पातेल्यात डाळ दोन तास खळखळत ठेवली तरी दाणा कचकचीतच राहतो, कारण त्या पाण्याला ८६ च्या वर जाताच येत नाही. झाकण घट्ट लावून वाफ कोंडली की पाणी शंभराच्या पुढे जातं, आणि मग तिथेही वरण शिजतं. शिट्टीचा आवाज मी आयुष्यभर ऐकलाय, पण संध्याकाळी पाचला, ढगात बसलेल्या कॅम्पवर किचन टेंटमधून शिट्टी झाली की सगळे तंबूंतून डोकी बाहेर काढायचे. चहाचं मात्र उलट. गॅसवरून उतरवलेला चहा दोन मिनिटांत थेट घोट घेण्यासारखा होतो, फुंकावा लागत नाही. आमच्या घरी तोंड भाजल्याशिवाय चहा झाला असं कोणी मानत नाही, त्यामुळे मला तो शेवटपर्यंत अपुराच वाटला.

तर मेनू. सकाळी दलिया नाहीतर पोहे, दुपारी डब्यात पोळी-बटाटा, संध्याकाळी भजी किंवा पॉपकॉर्न, सहाला सूप, सातला जेवण. एका रात्री शेवयांची खीरसुद्धा. हे ऐकून वहिनींचा चेहरा उजळला. पोहे म्हणजे अर्थातच आपले नव्हेत. हळद कमी, साखर नाही, बडीशेप नाही, जिलबीचा तर प्रश्नच नाही. पण माझ्याकडे स्टीलच्या डबीत जीरावन होतं, पोह्यांवर भुरभुरायचा आपला इंदुरी मसाला. पहिल्या दिवशी मी एकटीनं घातलं. तिसऱ्या दिवशी ती डबी टेबलावर फिरत होती आणि लोक दलियावरसुद्धा भुरभुरत होते. दलियावर जीरावन! पण बोलले नाही काही.

आता शेव. लौंगवाल्या शेवेचं सीलबंद पाकीट नेलं होतं. मुलिंगला सॅक उघडली तर ते उशीसारखं फुगलेलं. आतली हवा इंदूरची, बाहेरची हवा विरळ. काराला आणखी फुगलं. फुतसिरंगला इतकं टम्म झालं की एक मुलगी त्याच्यावर डोकं ठेवून फोटो काढून घेत होती. मी सुईनं टोचलं तेव्हा फुस्स करून जी हवा बाहेर आली तिला लवंगेचा वास होता. अगदी आपल्या नमकीनच्या दुकानाचा.

आणि मग मला ती शेव खाववेना.

खरं उत्तर इथून सुरू होतं. एवढं सगळं खायला होतं, चांगलं होतं, गरम होतं, आणि चार हजार मीटरच्या वर भूक नावाची गोष्ट अंगातून निघून गेली होती. मला हे कोणी आधी नीट सांगितलं नव्हतं. दम लागणार, डोकं दुखणार, थंडी वाजणार, हे सगळं ऐकलं होतं. पण समोर वरणभात, वर तुपाची धार, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही, ही मी स्वतःची कल्पनाच केली नव्हती. घास तोंडात फिरत राहतो. गिळायला पाणी लागतं. पाणी तसंही दिवसाला तीन-चार लिटर प्यायचं असतं, तेही ढकलावं लागतं. ज्या बाईला छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतून रिकाम्या हातानं घरी येता येत नाही, ती पाच चमचे खिचडी मोजून खात होती.

आमचा स्वयंपाकी तिशीतला, नेपाळचा. तो ताट वाढून गेला की जायचा नाही, तंबूच्या दारात उभा राहायचा. मला वाटलं, कौतुक ऐकायला थांबतो. तसं नव्हतं. तो ताटं बघायचा. कोणी किती घेतलं, कोणी नुसतंच चिवडलं. गाईड बोटाला ऑक्सिमीटर लावून रक्तातल्या ऑक्सिजनचे आकडे वहीत लिहायचा, ह्याची वही डोक्यात होती. उंचीचा त्रास सुरू होतो तेव्हा डोकं दुखतं, मळमळतं आणि खाणं नकोसं होतं, आणि ह्यातलं डोकेदुखीचं माणसं लपवतात, कारण खाली पाठवतील अशी भीती असते. "ताट झूठ नहीं बोलता, दीदी," तो म्हणाला, आणि माझ्या ताटात आणखी एक चमचा खिचडी टाकली. मी "पानात टाकू नये" ऐकत वाढलेली. संपवली.

ताटालाही खोटं बोलायला लावणारे असतात. ठाण्याचा एक मुलगा होता, पंचविशीतला, मॅरेथॉन पळणारा, आमच्या सगळ्यांच्या पुढे असायचा. फुतसिरंगला आमचा जादा दिवसाचा मुक्काम होता, तिथल्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकी तंबूंच्या मागे एका मोठ्या धोंड्याकडे बघत उभा होता. तिथे पिवळ्या चोचीचे ते काळे डोंगरी पक्षी, कावळ्यासारखे पण जास्त चपळ, सात-आठ जमून कशावर तरी टोचे मारत होते. धोंड्यामागे भात होता. रात्रीचा, राजम्यासकट. त्याच्यावर त्या सकाळचा दलिया, नुकताच ओतलेला. एकेका पक्ष्याची चोच त्यात खुपसली जाऊन वर यायची तेव्हा तिला दुधाची साय लागलेली दिसत होती.

कोणी टाकलं हे विचारायची गरजच पडली नाही, तो मुलगा लालबुंद झाला. आदल्या दुपारपासून डोकं फुटत होतं, दोनदा उलटी झाली होती, आणि ऑक्सिमीटर लावताना तो आधी खोल खोल श्वास घेऊन आकडा वाढवत होता. गाईडनं त्याला एका सहायकाबरोबर काराला परत पाठवलं, तिथून काफनूला. जाताना तो कोणाशी बोलला नाही, स्वयंपाक्याशी तर मुळीच नाही. पुढे फोनवर म्हणाला, काराला पोचेपर्यंत डोकं दुखायचं थांबलं होतं आणि रात्री त्यानं मेंढपाळाकडच्या चार रोट्या खाल्ल्या. साडेपाचशे मीटर खाली आला, एवढंच औषध.

खिंडीच्या दिवशी पहाटे चारला निघालो. निघताना मी उपमा दोन घास खाऊन, तोंड फिरवून, बाकीचा मैत्रिणीच्या ताटात सरकवला. म्हणजे मीही तेच केलं, फक्त धोंडा नव्हता. शेवटच्या चढावर बर्फाचा पट्टा लागला तिथे माझे पाय कापायला लागले. दमानं नव्हे, नुसते रिकामे. दहा पावलं, थांबा. आठ पावलं, थांबा. खेचरं मागून आली, सिलिंडर खडखडत पुढे गेली. मागोमाग स्वयंपाकी. तो काही बोलला नाही, खिशातून गुळाचा खडा काढून माझ्या हातमोज्यात ठेवला. थंडीनं तो दगड झाला होता. गालात धरून ठेवला, आणि वर पताका दिसेपर्यंत तो पुरला. खिंडीवर काय दिसतं हे मला कोणी इंदूरमध्ये विचारलेलं नाही, म्हणून थोडक्यात सांगते : ज्या बाजूनं आलो तिकडे ढग आणि हिरवं, ज्या बाजूला जायचं तिकडे तपकिरी, जांभळे, राखाडी डोंगर आणि एक झाड नाही. पावसाचे ढग खिंडीच्या अलीकडच्या बाजूलाच अडतात. वारा इतका की दहा मिनिटांत उतरायला लागलो.

(दुसरा नेहमीचा प्रश्न संडासाचा. खड्डा खणून त्यावर उभा तंबू. रात्री दोनला, शून्याखाली, चेन उघडताना बोटं चालत नाहीत. एवढं पुरे.)

भूक परत आली ती मुदला. ऑगस्टचा शेवट होता. गावाच्या खालच्या शेतांत मटार काढणं चाललं होतं. पोती जीपवर चढत होती. बांधावर बसले तर एका म्हाताऱ्या बाईनं काही न बोलता ओंजळभर शेंगा माझ्या मांडीवर टाकल्या. एक फोडली. दाणे लहान, गोड, आणि इतके कोवळे की टरफलसुद्धा चावून खाल्लं. मग दुसरी. मग मी हिशेब सोडला. मैत्रीण बूट काढत होती, तिनं वर बघितलं तेव्हा माझ्या पायाशी टरफलांचा ढीग होता आणि मी तिच्या वाटच्या शेंगांकडे बघत होते.

त्या बाईनं निघताना किलोभर बांधून दिल्या. काझा, मनाली, चंदीगड करत पाचव्या दिवशी इंदूरला आणल्या तेव्हा निम्म्या पिवळ्या पडल्या होत्या. उरलेल्या पोह्यात घातल्या आणि वहिनींकडे वाटी पाठवली. त्या वाटी परत द्यायला स्वतः आल्या.

"गणपतीत ताजा मटार? काय भाव गं तिकडे?"

"पैसे घेतले नाहीत त्यांनी."

"मग किलोच का आणलास?"