हॅम्बुर्गची चुंबळ, सोलापूरचा कडबा

हॅम्बुर्गमधल्या माझ्या पहिल्या डिसेंबरात ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं, "क्रान्त्स बांधायला येतेस?" क्रान्त्स म्हणजे नाताळचं हिरवं कडं. दुकानातल्या तयार कड्याची किंमत बघून मी नुकतीच परत फिरले होते, त्यामुळे लगेच हो म्हटलं. तिने टेबलावर गवताचं जाड कडं ठेवलं आणि मला आजी आठवली. घागरीखाली घ्यायची चुंबळच ती, फक्त लुगड्याऐवजी काडाची!

फांद्या फुकट मिळाल्या. नाताळची झाडं विकणारे बुंध्याजवळच्या फांद्या छाटून टाकतात, मागितल्या की देतात. वीतभर डहाळ्यांची जुडी करायची, देठं कड्यावर टेकवायची आणि बारीक तारेने दोन वेढे द्यायचे. तार तोडायची नाही. पुढच्या जुडीच्या शेंड्यांनी आधीच्या जुडीचे देठ झाकायचे, असं करत गोल फिरायचं. शेवटच्या जुडीचे देठ पहिलीच्या शेंड्यांखाली सरकवले की जोड दिसत नाही. माझं पहिलं कडं आठवड्यात सुटलं, कारण हीटरच्या हवेत डहाळ्या सुकून बारीक झाल्या आणि तार सैल पडली. आता तार काडात रुतेपर्यंत आवळते.

नाताळआधी मेणबत्त्या लावतात त्या कड्याचं मूळही हॅम्बुर्गचंच, आणि तेही गरिबांच्या घरातलं. योहान हिनरिश विचेर्न हे ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ तिथे निराधार मुलांसाठी 'राउहेस हाउस' ही संस्था चालवत. नाताळ किती दिवसांवर आला हे मुलांना कळावं म्हणून १८३९ मध्ये त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. नाताळआधीच्या चार रविवारांच्या ४ मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांच्या २० छोट्या लाल. रोज एक पेटवायची. हिरव्या फांद्या नंतर आल्या. म्हणून मला वाटतं, पैसे मोजून आणण्यापेक्षा हे कडं घरी असेल त्यातून बांधावं.

यंदा सुट्टीत सोलापूरला आलेय. शेजारच्या काकूंकडे नाताळ असतो, दारात कागदी चांदणी लागते. त्यांच्यासाठी अंगणात बसून कडं बांधायला घेतलं. मामाच्या शेतातली ज्वारी अजून उभी आहे, म्हणून गेल्या सालचा कडबा आणला. कोरडा वाकवला तर कटकन मोडतो. ठेचून रात्रभर भिजवला, मग मुकाट वळला. वरून सुतळी गुंडाळली. सूचिपर्णी फांद्या इथे कुठल्या, पण सुरूच्या डहाळ्या अगदी तशाच दिसतात. लाल रंगाला आईच्या डब्यातल्या ब्याडगी मिरच्या, आणि फितीला फाटक्या सोलापुरी चादरीची लाल पट्टी. तार आणि सुतळी मिळून ७० रुपये लागले.

"हे काय करायलीस गं?" म्हणत काकू आल्या. हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "तोरण गोल केलंस की!" चांदणीच्या खाली, दाराच्या मधोमध टांगलं. मेणबत्त्या मात्र यावर लावू नका. वाळका सुरू आणि कडबा भडकन पेटतो. सकाळी थोडं पाणी शिंपडलं की डहाळ्या काही दिवस हिरव्या राहतात.

नाताळ झाला की मिरच्या काकूंच्या फोडणीला जातील. चादरीची पट्टी मी हॅम्बुर्गला नेणार आहे, पुढच्या डिसेंबरात मैत्रिणीच्या कड्याला बांधायला.