डिस्प्ले येत नाही

आषाढात कुडाळात वीज दिवसातून किती वेळा जाते याचा हिशोब आम्ही ठेवत नाही. त्या सकाळी गेली, आली, परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. सीपीयूचा हिरवा दिवा लागला, पंखा घरघरला, मॉनिटर मात्र काळाच. त्याचा कोपऱ्यातला दिवा नारिंगी.

माझं काम घरगुती डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं. गणपतीआधीचे दोन महिने पावतीपुस्तकं, आरत्यांच्या पुस्तिका, डबलबारीची (भजनाच्या सामन्यांची) पोस्टरं. नेमकं त्याच आठवड्यात वाडीतल्या मंडळाचं काम हातात होतं आणि रोज फोन, "वयनी, पुस्तकां कधी गावतली?"

पहिला अर्धा तास मी मॉनिटरच्याच मागे लागले. केबल काढली, फुंकर मारली, परत लावली. अंधार करून पडद्यावर बॅटरीचा झोत तिरका टाकला. आतला उजेड गेला असेल तर असं केल्यावर चित्र पुसटसं दिसतं असं ऐकलं होतं. दिसली ती फक्त धूळ. शेवटी सीपीयू रिक्षात घालून दुकानात नेला. दुसऱ्या दिवशी निरोप आला: मदरबोर्ड, म्हणजे आतली मुख्य सर्किटची पाटी, गेला, इतका जुना आता मिळत नाही, नवीन मशीनच घ्या. सोबत अठरा हजारांचं कोटेशन.

पैशापेक्षा वेगळीच अडचण होती. माझ्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे ते उघडणारी किल्लीवजा डबी, मागच्या पंचवीस छिद्रांच्या जुन्या प्रिंटर पोर्टात बसतो. नव्या मशीनला तसलं पोर्ट सहसा नसतं. डोंगल नाही म्हणजे फॉन्ट नाही, आणि फॉन्ट नाही म्हणजे पानं लावायच्या पेजमेकर प्रोग्रॅममधल्या दहा-बारा वर्षांच्या फायली नुसत्या कचरा अक्षरांच्या. सीपीयू तसाच परत आणला.

रात्री पुण्याच्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याने आधी मॉनिटरची केबल सीपीयूकडून उपटायला सांगितली. लगेच पडद्यावर ‘चेक सिग्नल केबल’ची चौकट तरंगायला लागली.

"आत्या, मॉनिटर ठणठणीत आहे. आता केबल लाव, मशीन चालू कर आणि कीबोर्डवर कॅप्स लॉक दाब. दिवा लागतो?"

लागला नाही. पुन्हा दाबलं, नाहीच. चित्र तेवढं येत नसतं आणि आत मशीन नीट सुरू झालं असतं, तर तो दिवा दाबल्यासरशी लागला-विझला असता. म्हणजे गाडं त्याच्याही आधी अडलं होतं.

मग त्याने विचारलं, "चालू करताना टुक् आवाज यायचा ना? आला का?" मी गप्प. दहा वर्षं रोज सकाळी तो टुक् माझ्या कानावर पडत होता. बंद झाला ते मला कळलंसुद्धा नव्हतं. मशीन स्वतःची तपासणी करून ‘सगळं ठीक’ म्हणतं, तो तो आवाज.

पुढची युक्ती मला फार आवडली. प्लग काढला, बटण दाबून आत उरलेली वीज घालवली, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली काढली आणि रॅमच्या, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या मेमरीच्या, दोन्ही पट्ट्या खाचांतून बाहेर घेतल्या. "आता रॅमशिवाय चालू कर." केलं. आतून लांबलचक टूंऽऽ, थांबून परत टूंऽऽ. मी दचकले, तो मात्र हसत होता. "बोर्ड मेलेला असता तर रॅम नाही म्हणून ओरडला असता का?"

म्हणजे प्रोसेसर चालतो, बोर्ड चालतो. भांडण रॅमपाशी. माझी रॅम डीडीआर३ प्रकारची, तिच्या पट्टीला २४० पिना असतात, सोन्याच्या मुलाम्याच्या. बल्बखाली धरल्यावर काहींवर काळपट सावली दिसली. आमच्याकडे पावसात मिठाचं पाणी होतं, चामड्याच्या चपलेवर बुरशी चढते, तर पिनांचं काय? शाळेतला मऊ पांढरा खोडरबर घेऊन एकाच दिशेने हलकेच घासलं. हे टेबलावर करायचं, सीपीयूवर वाकून नव्हे, नाहीतर रबराचा चुरा थेट स्लॉटात, म्हणजे पट्टी बसते त्या खाचेत. पेनाच्या शाईचा खरखरीत निळा रबर तर अजिबात नको, तो मुलामाच खरवडतो.

मग एकेक पट्टी. पहिली, पहिल्या स्लॉटात: काळोख. तीच दुसऱ्या स्लॉटात: टुक्! पडद्यावर पांढरी अक्षरं. ओरडलेच मी, ह्यांना वाटलं शॉक बसला. दुसरी पट्टीही तशीच, दुसऱ्या स्लॉटात चालली, पहिल्यात नाही. दोन पट्ट्या, दोन स्लॉट, चार फेऱ्यांत चोर सापडला. पहिल्या स्लॉटात बॅटरी मारली तर तळाशी कोळ्याच्या जाळ्याचं बारीक गुंडाळं आणि त्यात मुंगीचा पाय. रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडलं, आणि दोन्ही पट्ट्या लागल्या.

मध्ये भाच्याने बोर्डावरचा चपटा सेलही पाच मिनिटं काढायला लावला होता, जुन्या सेटिंग पुसायला. त्यामुळे पडद्यावर तक्रार आली, एफ१ दाबा. दाबलं आणि कामाला बसले. मध्यरात्रीपर्यंत पावतीपुस्तक लावलं, सेव्ह केलं, झोपले.

सकाळी फाइल गायब! तारखेप्रमाणे लावलेल्या यादीत सगळ्यात वर असायला हवी, तिथे नाही. वेबसाइटही उघडेनात, प्रत्येक ठिकाणी सुरक्षेचा लाल इशारा. तासाभराने फाइल सापडली, यादीच्या पार तळाला: १ जानेवारी २०१२. मशीन मी घेतलं २०१३ साली. घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर गेलं होतं, लाल इशारेही त्या चुकीच्या तारखेमुळेच. सुधारलं, तर दुपारी वीज गेली आणि परत २०१२.

वीज नसताना घड्याळ बोर्डावरच्या त्या चपट्या सेलवर चालतं, आणि तो सेलच संपला होता. त्याच्यावर सीआर२०३२ लिहिलेलं असतं: २० मिलिमीटर व्यास, ३.२ जाडी, व्होल्ट तीन. बाजारात घड्याळवाल्याकडे मिळाला, वडापावाच्या खर्चात.

दुकानदार सगळंच खोटं बोलला असं म्हणवत नाही. आठ दिवसांनी पहिला स्लॉट पुन्हा रुसला आणि ब्रशने काही बधला नाही. तिथली पितळी जिभळी बहुधा ढिली झालीय. पण एक स्लॉट गेला म्हणजे बोर्ड गेला, हे मला पटत नाही. हल्ली चार जीबीच्या एकाच पट्टीवर मशीन चालतं. पेजमेकरला तेवढं पुष्कळ आहे. दुसरी पट्टी कोऱ्या पावत्यांच्या कागदात गुंडाळून तांदळाच्या बरणीत ठेवलीय, दमट हवा लागू नये म्हणून. भाच्याला हे अजून सांगितलेलं नाही.