तुम्ही विचारलंत म्हणून: ऑडिटमधला धीर

आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीला, आलेली मुलं दोन-तीन महिन्यांत कधीतरी मला गाठतातच. "मॅडम, समोरचे अकाउंटंट वीस वर्षं हिशेब लिहितायत, त्यांना मी चूक दाखवायची? मला काही येतं असं मलाच वाटत नाही. तुम्हाला हा धीर कधी आला?"

एका दिवसात नाही आला. पण कुठून यायला लागला ते मला नीट आठवतं. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका काजूच्या कारखान्यातून.

माझं आर्टिकलशिपचं पहिलंच वर्ष होतं. 31 मार्चला स्टॉक मोजायला सरांनी, म्हणजे ज्या सीएंकडे मी शिकत होते त्यांनी, मला एकटीला पाठवलं. मी मराठी प्राथमिक शाळेतली, इंग्रजी पाचवीपासून. चारचौघांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडायची. मॅनेजरांनी यादी हातात ठेवली. एवढे डबे, सगळा माल डब्ल्यू 320, म्हणजे अख्ख्या काजूगराची एक प्रत. मी डबे मोजले, आकडा जुळला, सही केली. मागच्या रांगेतला एखादा डबा उघडून बघावा असं वाटत होतं. पण काजूगरातलं मला काय कळतं, विचारलं तर हसतील, म्हणून गप्प राहिले.

फोंड्याला परतताना बसमध्ये तो डबा डोळ्यांसमोरून हलेना. ऑफिसात पोचल्याबरोबर सरांना सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. "उद्या परत जा. तुला कळत नाही ना? मग ज्यांना कळतं त्यांना विचार," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आधी गेटचं रजिस्टर बघितलं, रात्रीत माल बाहेर गेलेला नव्हता. मग प्रतवारीच्या खोलीत गेले. तिथल्या मावशींना सरळ म्हटलं, मला यातलं काही कळत नाही, दाखवाल का? त्यांनी शेजारचं स्टूल पुढे ओढलं. 320 म्हणजे एका पौंडात साधारण 300 ते 320 अख्खे गर, आकडा जितका लहान तितका गर मोठा, हे मला त्यांनी शिकवलं. डबा 11.34 किलोचा का, तर तो 25 पौंडांचा. पुढच्या रांगेतला एक डबा फोडून त्यांनी 453 ग्रॅम गर तोलले, ताटात ओतले आणि आम्ही दोघींनी दहा-दहाचे ढीग लावत मोजले. 314 भरले. मग मागच्या रांगेतला डबा फोडला. आत पाकळी आणि तुकडा. मोजायची गरजच पडली नाही.

अख्ख्या गराचा भाव आणि तुकड्याचा भाव यांत मोठा फरक असतो. वर्षअखेरचा स्टॉक जेवढा फुगतो, तेवढाच नफा फुगतो. ती रांग पूर्ण तपासली, यादी बदलली. असं का झालं होतं, तो पुढचा विषय सरांनी हाताळला.

तोवर मला वाटायचं, धीट ऑडिटर म्हणजे ज्याला सगळं येतं तो. त्या दिवशी मी सगळ्यांत धीटपणे वागले ते "मला कळत नाही" म्हणून. पुढे एसए 501 (एसए म्हणजे ऑडिटची मानकं) अभ्यासताना लक्षात आलं, स्टॉक मोठा असेल तर मोजणीला हजर राहा असं मानक का सांगतं ते मी त्या स्टुलावर बसूनच शिकले होते. आणि एसए 200 आपल्याकडे वाजवी खात्री मागतं, शंभर टक्के हमी नाही. हे वाचलं तेव्हा खरंच छातीवरचा दगड उतरला.

"किती वर्षं झाली तुम्हाला या लाइनीत?" हा प्रश्न तुम्हालाही विचारतील. मला पहिल्यांदा विचारला तेव्हा मी फाइल मिटून उठले होते. नंतर उत्तर सापडलं. "दीड वर्ष. म्हणून नीट समजून घेतेय. हे बिल मार्चचं, माल एप्रिलमध्ये आला, नोंद मार्चला कशी?" वर्षांवरून बोलणं बिलावर आणायचं. बिल समोर असलं की आवाज आपोआप स्थिर होतो.

आणि लिहून ठेवा, कृपा करून. काय बघितलं, कधी, कोण काय म्हणालं. तुमच्या कामाशी काही संबंध नसलेल्या अनुभवी ऑडिटरला नुसती फाइल वाचून सगळं कळलं पाहिजे, ही एसए 230 ची कसोटी. रात्री झोप उडाली की मी अजून ती फाइलच आठवते, स्वतःच्या हुशारीची समजूत घालत बसत नाही.

शंका गेली का, असंही विचारता. नाही गेली. रिपोर्टवर सही करून त्याचा यूडीआयएन, म्हणजे त्या रिपोर्टचा 18 अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, काढताना अजूनही एकदा हात थांबतो. थांबला की मी फाइल उघडते आणि मागच्या रांगेचं पान शोधते.

येत्या 31 मार्चला मी तुमच्याबरोबर येतेय. डबा कुठला फोडायचा ते तुम्ही सांगायचं.