तुम्ही विचारलंत म्हणून: त्या ट्रेनिंगनं होतं का काही?

मी विशेष शिक्षिका, साध्या शाळांतल्या शिक्षकांना दिव्यांग मुलांबद्दल ट्रेनिंग देते, आणि हा प्रश्न मला सगळेच विचारतात. मुख्याध्यापक विचारतात, ट्रेनिंगला आलेले सर-मॅडम चहाच्या वेळी हळूच विचारतात, आणि परवा तर सख्ख्या भावानं जेवता जेवता विचारलं की ताई, दिव्यांग मुलांना शिकवायचं शिकलेली तू, मग साध्या वर्गातल्या मास्तरांना चार दिवस हॉलमध्ये बसवून काय होते गं? त्याला तेव्हा वरण वाढून गप्प केलं. आता एकदाच लिहून टाकते.

आधी माझी बाजू. मोड्यूल, म्हणजे ट्रेनिंगमधे काय शिकवायचं तो ठरलेला मजकूर, मी बनवत नाही. ते वरून येतं, त्यात 2016 च्या कायद्यातले दिव्यांगत्वाचे 21 प्रकार असतात (1995 च्या कायद्यात 7 होते), आणि ते स्लाइडवर वाचण्यातच पहिला दिवस जातो. पार्किन्सन्ससुद्धा, म्हणजे बहुतेक म्हातारपणी होणारा कंपवात, आहे त्यात. चौथीच्या वर्गशिक्षकानं त्याचं काय करायचं ते मलाही कोणी सांगितलेलं नाही.

दुसरं, "तुम्हीच घ्या ना जी त्या मुलाला" हे वर्गशिक्षकांचं म्हणणं. सुप्रीम कोर्टाच्या 2021 च्या निकालानंतर नियम ठरला, प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला 15 मागे एक. कागदावर छान आहे. माझ्याकडे शाळाच इतक्या आहेत की त्याच शाळेत परत जाईपर्यंत पोरांचा धडा बदललेला असतो. म्हणजे मूल रोज कोणाजवळ बसणार, तर वर्गशिक्षकाजवळच. मग त्यांना नाही शिकवायचं तर कोणाला?

आता ते सांगते जे भावाला सांगितलं नाही. मार्च एंडिंगच्या आधी, निधी संपवायच्या घाईत होतात तसलंच एक ट्रेनिंग होतं. जेवणानंतर डोळ्यांवर पट्टी बांधायची ॲक्टिव्हिटी, सगळ्यांनी हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, खुर्च्या पडल्या, लोक हसले, आणि मग एक मॅडम मधेच थांबून ढसाढसा रडायला लागल्या. त्यांच्या वर्गात एक पूर्ण अंध मुलगा होता. आईवडिलांनी अंध शाळेऐवजी घराजवळची शाळा निवडलेली, तो हक्क कायद्यानं आहेच त्यांना. फीडबॅक फॉर्मवर सगळ्यांनी "डोळे उघडले" असं लिहिलं. साहेब खूश.

नंतर त्या शाळेत गेले तर मधली सुट्टी चाललेली, सगळी पोरं ग्राउंडवर आणि हा मुलगा मॅडमच्या टेबलाशेजारी, वेगळ्या खुर्चीत, डबा पुढ्यात उघडून दिलेला. मला वाटलं बरं नसेल. तर तोच म्हणाला, "मॅडम मले बाहीर जाऊच नाही देत. पहिले जात होतो नं मी." पहिले म्हणजे ट्रेनिंगच्या आधी. आधी मॅडमचं लक्षच नसायचं, त्यामुळे तो भिंतीला हात लावत लावत नळापर्यंत, पोरांच्या आवाजावरून ग्राउंडपर्यंत जायचा, पडायचा, उठायचा. मॅडमना विचारलं तर त्या माझ्यावरच चिडल्या. "तुमच्याच ट्रेनिंगमधे तर समजलं न किती भीती वाटते ते! लेकरू पडलं तर कोण जबाबदार?"

काय बोलणार? दोन मिनिटं पट्टी बांधलेल्या माणसाला अंधार कळतो, जन्मापासून तसंच वावरणाऱ्या मुलाला काय काय जमतं ते नाही कळत. त्या त्याला मनगट धरून ओढत न्यायच्या. म्हटलं, हात त्यानं धरायचा, तुमच्या कोपराच्या थोडा वर, आणि त्यानं अर्धं पाऊल मागे चालायचं, म्हणजे तुम्ही वळलात, थांबलात की त्याला आपोआप कळतं. फळ्यावर गणित लिहिताना "हे अधिक हे" म्हणू नका, आकडा तोंडानं बोला. एवढ्याला उरलेली मधली सुट्टी पुरली, आणि यातलं एकही वाक्य मोड्यूलमधे नव्हतं. मॅडम त्याला नळापर्यंत घेऊन गेल्या. आल्यावर म्हणाल्या, उद्या पाहू.

नवीन लागले तेव्हा मी मीटिंगमधे ठासून सांगायची की आधी काळजाला पाझर फुटला पाहिजे, बाकीचं नंतर शिकवता येतं. आता तेव्हाच्या त्या मला म्हणावंसं वाटतं, बाई, पाझर फुटलेल्यांनीच पोराला खुर्चीत बसवून ठेवलंय. पण तीही ऐकून घेणारी नाही. ती विचारेल, अख्ख्या हॉलमधून नंतर तुला फोन कोणाचा आला? त्याच मॅडमचा. "त्याला भूमितीच्या आकृत्या कशा शिकवू?" म्हणून. नुसत्या स्लाइड पाहून गेलेल्या एकानंही कधी काही विचारलेलं नाही. मग पट्टी काढून टाकायची की ठेवायची?

साहेबांना म्हटलं काढा. ते म्हणाले जेवणानंतर लोक झोपतात मॅडम, तेवढंच एक चालतं. त्यापेक्षा एखाद्या अंध मुलालाच बोलवू, असं सुचवलं तर दुसरे एक सर म्हणाले, म्हणजे पोराला नमुना म्हणून उभं करायचं का? तेही बरोबरच आहे. शेवटी पुढच्या ट्रेनिंगच्या सामानाच्या यादीत 40 पट्ट्या होत्या तिथे मी 20 केल्या. निम्म्यांनी पट्टी बांधायची, उरलेल्यांनी त्यांना कोपर द्यायचं, हॉलमधे नाही, बाहेर, पायऱ्यांवरून, नळापर्यंत, आणि मग अदलाबदल. त्यानं काही होईल का मला नका विचारू, साहेबांची सहीच झालेली नाही अजून.