आमची वाटचाल : सा जागेवर राहिला पाहिजे

आम्ही पेडल स्टील गिटार बनवतो, म्हणजे पायांवर आडवी उभी राहणारी, तारांवरून बार सरकवत आणि पायाने पेडल दाबत वाजवायची गिटार. ती बघायला कोणी आलं की मी आधी वाजवून दाखवत नाही. तिचे पाय सोडवतो, तिला सतरंजीवर पालथी घालतो आणि तिचं पोट दाखवतो. सळया, आडवे शाफ्ट, स्प्रिंगा, छोटे छोटे दांडे, सगळं उघडं. जळगावच्या एमआयडीसीत शेजारच्या गाळ्यातले नाना पहिल्यांदा डोकावले तेव्हा म्हणाले होते, "हाई काय शे भो? शिलाई मशीन का वाद्य?" मी म्हणालो, "दोन्ही शे, नाना." आजही माझं उत्तर तेच आहे. ते पोट बघून ज्याचे डोळे चमकतात त्याच्या घरी हे वाद्य नीट नांदतं, असा माझा अनुभव आहे.

याची सुरुवात आबांपासून, म्हणजे माझ्या वडिलांपासून. ते भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. रेल्वे कॉलनीत तेव्हा अँग्लो-इंडियन कुटुंबं बरीच होती. त्यातल्या एका गार्डसाहेबांकडे हवाईयन गिटार होती. मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातला लोखंडी बार तारांवरून सरकवायचा. आबा ड्यूटी संपली की हात रॉकेलने धुऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसत. पुढे १९६८ साली त्यांनी कलकत्त्याहून रेल्वे पार्सलने स्वतःची गिटार मागवली. कलकत्त्याहूनच का, याला कारण आहे. हवाईहून आलेला टाऊ मो हा वादक १९४० च्या दशकात काही वर्षं त्या शहरात राहिला होता, आणि बंगालमध्ये या वाद्याचं वेड तेव्हापासून फार वाढलं. व्हॅन शिपले यांनी वाजवलेल्या सिनेमाच्या गाण्यांच्या तबकड्या आमच्या घरी होत्या. ब्रिजभूषण काब्रांनी याच जातीच्या गिटारवर राग वाजवले, तेही आबांनी आम्हाला मुद्दाम ऐकवलं. मींड म्हणजे काय हे मला गाण्याच्या क्लासात नाही, त्या बारच्या सरकण्यातून कळलं.

मी आयटीआय करून टर्नर झालो. १९९६ मध्ये एक जुनं लेथ मशीन घेऊन गाळा सुरू केला. पाइपवाल्यांचे बुश, ठिबकवाल्यांच्या साच्यांचे सुटे भाग, चटईच्या कारखान्यांचे रोलर, जे येईल ते जॉबवर्क. वाद्याशी संबंध आला तो आबांचा बार हरवला म्हणून. एसएसच्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या, रॉडमधून मी त्यांना नवा करून दिला. सात सूत जाड, सव्वातीन इंच लांब, एक टोक गोल. त्याला आरशासारखी सफाई आणायला तीन दिवस लागले, कारण बारवर नखाएवढा ओरखडा असला तरी तारेवर खरखर ऐकू येते. आबांनी तो तळहातावर झेलला, तारेवर ठेवला आणि म्हणाले, "वजन बरोबर आहे." त्यांच्या ओळखीतून कलकत्त्याच्या दोन वादकांनी बार मागवले, मग मुंबईच्या एकाने. वर्षाला पंधरा-वीस बार जाऊ लागले. पैसा त्यात फार नव्हता, पण गाळ्यातल्या एका फळीवर वाद्याचं काम कायमचं येऊन बसलं.

२००९ च्या मे महिन्यात त्या मुंबईच्या वादकांनी एक पेटी घेऊन माणूस पाठवला. पेटीसकट वजन तीस किलोच्या आसपास. आत दोन गळ्यांची, प्रत्येकी दहा तारांची, अमेरिकेत हाताने बनवलेली जुनी पेडल स्टील गिटार. तिथून परतलेल्या एका कुटुंबाने आणलेली, आणि सगळे पेडल जाम झालेले. आधी कोणीतरी तिच्या यंत्रात घट्ट ग्रीस भरलं होतं. त्यात धूळ बसून त्याची पार खरवड झाली होती. चाळीस दिवस ती गाळ्यात होती. लोडशेडिंगमुळे दिवसा मशीन बंद पडलं की मी आणि माझा धाकटा भाऊ रॉकेल आणि दात घासायचा ब्रश घेऊन एकेक भाग उघडत बसायचो. प्रत्येक भाग मोजला, वहीत काढला. ती वही आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

पेडल नेमकं काय करतं ते सांगतो, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. नुसता बार सरकवला तर सगळ्या तारा सारख्याच वर किंवा खाली जातात. केकुकू या हवाईच्या मुलाला या पद्धतीचं श्रेय देतात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पुढची पन्नासेक वर्षं ती मर्यादा तशीच होती. पेडलवाली वाद्यं १९४० च्या सुमारास आली, पण दोन गाण्यांच्या मध्ये जुळणी बदलायची सोय असाच त्यांचा बहुतेक वापर होता. १९५४ साली गाजलेल्या, वेब पिअर्स या अमेरिकन कंट्री गायकाच्या एका गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबलं. एक सूर जागेवर, दुसरा त्याच्या शेजारून वर सरकतो आहे, असं लोकांनी ऐकलं आणि कंट्री संगीताचं माहेर असलेल्या नॅशव्हिल शहरातले सगळे स्टीलवाले आपापल्या गिटारखाली पेडल लावायला धावले.

आपल्या भाषेत मांडू. सगळ्यात रुळलेली जुळणी ई-नाइन. त्यात ई ला सा मानला तर जी-शार्प गंधार आणि बी पंचम. डावीकडचं पहिलं पेडल दाबलं की पंचम धैवतावर जातो, दुसरं दाबलं की गंधार मध्यमावर. दोन्ही एकत्र दाबली की सा, मध्यम, धैवत असा नवा मेळ उभा राहतो, आणि त्यात सा तोच, तिथेच. तिसरं पेडल सा ला रिषभावर नेतं, तेही सगळे नाही, एकच चौथ्या तारेवरचा सा. गुडघ्याच्या लिव्हरने तोच सा कोमल रिषभावर चढतो किंवा निषादावर उतरतो. डावा पाय पेडलवर, उजवा आवाजाच्या पेडलवर, दोन्ही गुडघे लिव्हरमध्ये, एका हातात बार, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. सगळं शरीर गुंतलेलं आणि कान फक्त एवढंच बघतो की जो सूर हलायचा नाही तो हलला का.

तो हलतो, हेच या वाद्याचं खरं दुखणं. प्रत्येक तारेच्या शेवटी ॲल्युमिनियमचं एक बोट असतं, वादक त्याला फिंगरच म्हणतात. पेडल दाबलं की सळई त्या बोटाला ओढते, बोट शाफ्टवर किंचित फिरतं, तार ताणली जाते. चढवलेला सूर तारेच्या ताणाने परत येतो, उतरवलेला स्प्रिंगच्या जोराने. कुठे दोन-चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त खेळ असला की सूर परत येताना चुकतो. आणि लाकूड कमजोर असलं तर पायाच्या दाबाने सगळं खोड वाकतं, डोळ्याला दिसणार नाही इतकं, पण सा उतरतो.

ती गिटार दुरुस्त होऊन गेली आणि माझ्या डोक्यातून जाईना. २०११ मध्ये पहिली बनवायला घेतली. सातपुड्यात अंजन मिळतो, लोखंडासारखा. मला वाटलं याच्यासारखं खोड नाही. तळोदा हा खानदेशातला जुना लाकडाचा बाजार, तिथल्या बैलगाड्या पूर्वी नावाजलेल्या. तिथलेच एक सुतार, मिस्तरीनाना, माझ्यासाठी अंजन घेऊन आले. त्यांच्या रंध्याची दोन पाती गेली, माझे आठ स्क्रू तुटले, आणि उभी राहिलेली गिटार दोघांना उचलावी लागली. आवाज आखूड. मग चोपडा तालुक्यातल्या पाडलेल्या वाड्याची सागाची तुळई घेतली. साग किती वर्षांचा मुरलेला कोण जाणे, पण काडीइतका पिळला नाही. ही दुसरी गिटार गोड वाजली. फक्त पहिली दोन पेडलं एकत्र दाबली की सा आठ सेंट खाली जायचा. एका अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातला एक म्हणजे सेंट. आठ हा आकडा ऐकायला लहान आहे, पण आबांनी डोळे मिटून ऐकलं आणि लगेच मान हलवली, "सा जागेवर नाही."

त्या आठ सेंटांसाठी माझी दोन वर्षं गेली. आडवे शाफ्ट मी खोडाच्या तळाला धरले होते, ते पुढच्या-मागच्या पट्ट्यांत बुश घालून बसवले. बोटांचा शाफ्ट एसएसचा केला आणि भोकं रीमरने अगदी मापात काढली. लाकूड शेवटी बाहेरचं हार्ड मेपल घेतलं, मुंबईच्या व्यापाऱ्याकडून. आपल्या मातीतलं लाकूड सोडताना मला वाईट वाटलं हे खरं, पण या वाद्याच्या अंगाला मेपलच मानवतं, असं माझं आता स्पष्ट मत आहे. साग आम्ही पेटीसाठी वापरतो. २०१४ च्या चौथ्या गिटारवर सा दोन सेंटांवर आला.

त्याच काळात तारा फार तुटायच्या. तिसरी तार, अकरा थाऊची, जी-शार्पची. दुसऱ्या पेडलने तीच सतत ओढली जाते म्हणून जगभर तीच आधी तुटते. माझ्याकडे मात्र ती दोन दिवसांत तुटत होती. भिंग लावून पाहिलं तर बोटाच्या माथ्यावर टूलच्या बारीक रेघा राहिल्या होत्या आणि तार त्यांवर घासत होती. आता प्रत्येक बोटाला आम्ही चार पायऱ्यांत पॉलिश करतो. शेवटची पायरी माझी मुलगी करते, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

पिकअप म्हणजे तारेचं कंपन ॲम्प्लिफायरपर्यंत नेणारं तारांखालचं वेटोळं. त्याची गोष्ट वेगळी. आमच्या भागात पाणबुडी मोटारी रिवाइंड करणारी दुकानं गावोगाव आहेत. माझ्या पत्नीच्या माहेरी तेच काम. केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे न तोडता घालणं तिला अवघड गेलं नाही. पहिले सात पिकअप आवाजाला पातळ निघाले, ती वेढे वाढवत गेली आणि आठवा बरोबर आला. आज गाळ्याचा हिशेबही तीच बघते आणि पिकअपही तीच.

एकदा ट्रान्सपोर्टवाल्याने गुवाहाटीला जाणारी पेटी उभी फेकली. कीहेड, म्हणजे किल्ल्या बसतात तो टोकाचा भागच, फाटला. भरपाई मिळाली नाही. तेव्हापासून पाय, पेडलची पट्टी आणि सळया वेगळ्या खणांत बांधतो आणि शक्य असेल तिथे स्वतः नेऊन देतो.

घेणाऱ्यांना मी जे सांगतो ते इथेही सांगतो, दुसऱ्याने बनवलेली गिटार घेत असाल तरी. पालथी करा. सळया सरळ आहेत का बघा, वाकडी सळई म्हणजे कोणीतरी जोर लावलाय. लिव्हर बोटाने हलवा, ओढ सुरू व्हायच्या आधी मोकळी चाल किती आहे ते कळेल. मग उभी करा आणि ॲम्प्लिफायर न लावता तार छेडून कान खोडाला टेकवा. चांगलं खोड पोटापर्यंत गुंजतं. जुळवताना आधी सगळं मोकळं सोडून किल्ल्यांवर जुळवा, नंतर पेडल दाबून उजव्या टोकाच्या नायलॉनच्या नटांवर. आणि गंधार ट्यूनरच्या काट्यावर बरोबर मध्ये आणू नका. तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो काट्यावर चौदा सेंट खाली दिसतो. स्टीलवाले त्याच्या जवळपास लावतात. अमेरिकेतल्या वादकांचं आणि आपल्या तंबोऱ्याचं इथे एकमत आहे, हे मला पहिल्यांदा कळलं त्या रात्री झोप आली नव्हती.

तेल हलकं, सुईच्या टोकावर मावेल एवढंच. ग्रीस कधीच नाही. आणि पत्र्याखाली ठेवू नका. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, तारा सैल पडतात, सूर उतरतात. अमळनेरला एका लग्नात आमचा वादक दुपारी तापलेल्या मांडवात जुळवून बसला आणि रात्री वारा सुटल्यावर सगळी जुळणी चढली. आता आम्ही वेळेवर, जागेवर, वाजवायच्या तासाभर आधीच जुळवतो.

आजवर चौदा गिटार बाहेर पडल्या. पाच ईशान्येकडे, तिथे कंट्री संगीत मनापासून ऐकतात. तीन केरळात, दोन मुंबईत, एक पुण्याच्या व्हायोलिनवादक बाईंकडे. त्या तिच्यावर भावगीतं वाजवतात आणि पेडलचा वापर फार जपून करतात, कडव्याला एकदा किंवा दोनदा. बाकीच्या तीन आसपासच्या हौशी मंडळींकडे. एका गिटारला माझे, भावाचे आणि मिस्तरीनानांच्या मुलाचे मिळून साडेतीनशे तास जातात. जॉबवर्क अजून चालू आहे, घर त्यावरच चालतं.

सागाच्या तुळईची ती दुसरी गिटार विकली नाही. आबा आता शहाऐंशी वर्षांचे आहेत, गुडघे लिव्हरपर्यंत उचलत नाहीत, म्हणून मी तिचे पेडल काढून ठेवलेत. ते नुसता बार सरकवतात, संध्याकाळी, दहा-पंधरा मिनिटं. नवी गिटार तयार झाली की पहिल्यांदा त्यांच्यासमोर मांडतो. मी दोन्ही पेडलं दाबतो, ते मधली तार ऐकतात.

पुढची गिटार दोन गळ्यांची आहे, वीस तारा, आठ पेडलं, पाच लिव्हर. मेपल आलंय, मागच्या खोलीत फळ्या आडव्या रचून ठेवल्यात. पावसाळ्याची ओल त्यांच्यात असेपर्यंत करवत लावणार नाही. दिवाळीनंतर कापायला घेऊ.