चेहऱ्याला एक, जागेला दोन : पावसाळ्यातली फ्लॅशची नोंद

मागच्या नोंदीपर्यंत माझ्याकडं दोन फ्लॅश होते आणि दोन्ही माणसाच्या तोंडावरच रोखलेले असायचे. आता तिसरा आलाय. गोडॉक्सचा टीटी६००, पहिल्या दोघांसारखाच. टीटीएल (कॅमेऱ्यानं फ्लॅशचा उजेड आपोआप ठरवायची सोय) नाही, रेडिओ आत बसवलेला, पॉवर पूर्ण ते १/१२८. तिसरा हातात आला की यूट्यूबवर बघितलेली ठरीव मांडणी करायची हौस येते: एक मुख्य, एक सावल्या उजळायला (फिल), एक मागून केसांवर. करड्या कागदापुढं बसवलेल्या माणसाला ती शोभते. पण मी फोटो काढतो ते वडगावातल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, बेळगावच्या तालमीत, नाहीतर खानापूरकडच्या घरांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत. तिथं तिन्ही फ्लॅश माणसावर खर्च केले की माणूस लख्ख उजळतो आणि मागची जागा काळी ठिक्कर पडते. मग तो माग वडगावचा काय नि इचलकरंजीचा काय, सगळं सारखंच. म्हणून या पावसाळ्यात एकच नियम धरला: चेहऱ्याला एक फ्लॅश, उरलेले दोन जागेला.

क्रमही त्याच हिशेबानं उलटा केलाय. आधी सगळे फ्लॅश बंद ठेवून एक फोटो. कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरवर, म्हणजे रेडिओनं फ्लॅश पेटवणाऱ्या यंत्रावर, तिन्ही फ्लॅशना ए, बी, सी अशी नावं दिलीत: ए चेहऱ्याचा, बी आणि सी जागेचे. मग फक्त बी चालू, त्याचा एक. मग फक्त सी. दोन्ही मनासारखे झाले की एकत्र. चेहऱ्याचा ए सगळ्यात शेवटी. आधी चेहरा लावला की आपण त्याच्यावरच भाळतो आणि मागचं 'असू दे की' म्हणून सोडून देतो. उलट, जागा आधी उभी राहिली की चेहऱ्याला किती उजेड पुरेल ते आपोआप कळतं, आणि बहुतेक वेळा वाटलं होतं त्यापेक्षा कमीच लागतो.

आता वडगाव. ज्या शेडमध्ये जातो तिथले मामा यंत्रमागावर साड्या विणतात. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि माग चालू झाले की दोन्ही भाषा बंद, नुसते हातवारे. मी स्टँड उभे करायला लागलो तसं त्यांनी विचारलं, "एवढ्या लाइटी कशाला रे? कुणाचं लगीन हाय?" मी म्हटलं, "मामा, तुमच्या मागाचं." त्यावर त्यांनी फणीवरचं बोट न हलवता मान तेवढी हलवली.

शटर १/२००, एफ ५.६, आयएसओ २००. या आकड्यांवर शेडमधल्या ट्यूबा फोटोत जवळजवळ विझतात. जुन्या ट्यूबांचा हिरवट रंग जातो आणि लुकलुकही जाते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे अशा ट्यूबा सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. नुसत्या त्यांच्याच उजेडात १/२०० ला फोटो काढलात तर कुठला पट्टा उजळ, कुठला मंद येतो. फ्लॅशपुढं त्यांचा हिस्साच एवढा कमी होतो की पट्टे दिसत नाहीत. १/२०० च्या वर माझा कॅमेरा फ्लॅशशी सिंक करत नाही, म्हणजे मेळ बसत नाही, फोटोच्या एका बाजूला शटरच्या पडद्याची काळी सावली येते. त्यापुढं जायला हायस्पीड सिंक आहे, पण त्यात दोन-अडीच स्टॉप उजेड वाया जातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). शेडमध्ये त्याची गरजच नाही.

बी फ्लॅश ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांच्या, मागं, गुडघाभर उंचीवर, पॉवर १/३२. तोंड माझ्याकडं, पण मामांच्या कमरेमागं दडवलेलं, म्हणजे लेन्समध्ये थेट शिरत नाही. एवढ्यानंच शेडचं रूप पालटलं. समोरून उजेड टाकला की ताणा म्हणजे नुसता एक ताणलेला कापडासारखा पट्टा दिसतो. मागून टाकला की धागा न् धागा सुटा होतो, कुठं गाठ मारलीय, कुठं धागा सैल पडलाय, तेही दिसतं. पण त्याचबरोबर हवेतली कूस, म्हणजे सुताचे बारीक तंतू, तीही चमकते. मागाच्या शेडमध्ये ती सतत तरंगत असते आणि मागून उजेड आला की फोटोभर पांढरे ठिपके. फ्लॅश वीतभर बाजूला सरकवून आणि पुढं काळ्या कार्डशीटचा आडोसा लावून ठिपके मामांच्या तोंडावरून हटवले. ताण्यावरचे राहू दिले. ती कूस तिथलीच आहे, ती पुसून टाकली तर शेड खोटी वाटते.

सी फ्लॅश शेजारच्या बंद मागावर, तोंडाला ग्रिड (जाळी) लावून, म्हणजे उजेड भिंतभर न पसरता तेवढ्या लोखंडावर पडतो. त्यावर अर्धा सीटीओ जेल, म्हणजे उजेड पिवळसर करणारा नारिंगी पारदर्शक कागद. पूर्ण सीटीओ लावला तर फ्लॅशचा ५५०० केल्विनचा उजेड ३२०० च्या आसपास, जुन्या पिवळ्या बल्बच्या रंगावर उतरतो. अर्ध्यानं साधारण ३८०० वर थांबतो. तेलकट लोखंडाला तो अर्धाच बरा दिसतो, पूर्ण लावला की माग गंजल्यासारखा वाटतो.

ए फ्लॅश पांढऱ्या छत्रीतून, मामांपासून सव्वा मीटरवर, पॉवर १/४. इथं एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण तिच्यावर बऱ्याच जणांचा वेळ जातो. फ्लॅश ट्रिगरच्या अगदी जवळ असेल तर कधी पेटतो, कधी नाही, आणि आपण बॅटरी बदलत बसतो. माझ्या ट्रिगरच्या मेनूत अंतराची दोन सेटिंगं आहेत, ०-३० मीटर आणि १-१०० मीटर. शेडमध्ये, सोप्यात पहिलंच ठेवा. शंभर मीटरवर फ्लॅश ठेवायला आपण काय येळ्ळूरच्या गडावर उभे नाही.

धोट्याचं, म्हणजे आडवा धागा घेऊन ये-जा करणाऱ्या भागाचं, अजून पूर्ण जमलेलं नाही. कमी पॉवरला या फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत संपते, त्यामुळं १/३२ च्या उजेडात धोटा जागच्या जागी थिजतो. बघणाऱ्याला वाटतं माग बंदच आहे. तो फरफटलेला दिसायला हवा असेल तर शटर १/१५ पर्यंत उतरवावं लागतं. मग ट्यूबांचा उजेड परत येतो, रंगासकट. मग तिन्ही फ्लॅशवर हिरवट जेल चढवून व्हाइट बॅलन्स ट्यूबलाइटवर ठेवायचा, म्हणजे सगळा उजेड एका जातीचा होतो. पण सी वर आधीच सीटीओ आहे, त्यावर हिरवा चढवला की उजेड आणखी घटतो. थोडक्यात, धोट्यासाठी वेगळा दिवस काढायचा. एकाच फोटोत सगळं कोंबायचा हट्ट सोडलाय.

तालमीत हा नियम पाळणं जास्त अवघड. पैलवान दिसला की कुणीही मागून दोन्ही बाजूंनी दोन उघडे फ्लॅश लावतो. खांदे, पाठ, दंड सगळं कोरून निघतं, जिमच्या जाहिरातीसारखं. मी मागचा एकच ठेवला, तोही पैलवानापेक्षा हौद्यातल्या मातीवर तिरका घासून जाणारा. माती उकरलेली असते, त्यामुळं ढेकळाढेकळाला सावली मिळते, आणि जाता जाता तो उजेड पैलवानाच्या पोटरीला, कमरेला लागतो तेवढा पुरतो. दुसरा फ्लॅश भिंतीवरच्या मारुतीच्या तसबिरीकडं, कोपऱ्यातल्या गदेकडं. चेहऱ्याचा छत्रीतून. उघडा फ्लॅश तेल लावलेल्या अंगावर टाचणीएवढे पांढरे ठिपके पाडतो, छत्री मोठी असल्यामुळं तीच चमक पसरते आणि कातडीचा रंग टिकतो.

एक मजा बघायला मिळाली. मातीवर टाकलेला उजेड लाल होऊन वर येतो. पैलवान वाकून उभा राहिला की त्याच्या हनुवटीखाली, छातीवर तांबूस झाक चढते. फिलसाठी वेगळा फ्लॅश हवा असं ज्यांना वाटतं त्यांनी हे बघावं: मातीच फिल देते, तेही तालमीच्या रंगात. एडिटिंगमध्ये ती झाक काढायचा मोह होतो, मी काढत नाही.

तालमीत जाणार असाल तर आधी वस्तादांना विचारा, चपला बाहेर, आणि स्टँडचे पाय हौद्यात अजिबात नकोत. ताक, तेल, हळद घालून ती माती वर्षानुवर्षं राखलेली असते.

या पावसाळ्यातला माझा सगळ्यात आवडता प्रकार मात्र खानापूर तालुक्यातल्या एका सोप्यातला. जुलैत तिकडं दिवसचे दिवस ऊन पडत नाही. घर कौलारू, वर लाकडी माळा, भिंती जाड, एकच खिडकी उभ्या गजांची. छतावरून उजेड उडवायचा विचारच नको. काळं पडलेलं लाकूड निम्म्याहून जास्त उजेड गिळतं आणि उरलेला तपकिरी करून परत देतं. म्हणून खिडकीबाहेर फ्लॅश लावून ऊन करायचं ठरवलं.

उन्हासारखं दिसायचं तर फ्लॅश लांब हवा, आणि त्याचं कारण साधा हिशेब आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. फ्लॅश आजींपासून १ मीटरवर ठेवला आणि मागची भिंत त्यांच्या पाठीमागं आणखी १ मीटरवर असेल, तर भिंतीला दोन स्टॉप कमी उजेड मिळतो. आजी उजळ, भिंत अंधारात, आणि सगळ्यांना कळतं की दिवा लावलाय. तोच फ्लॅश ४ मीटरवर नेला की भिंत ५ मीटरवर, आणि फरक पाऊण स्टॉपचासुद्धा नाही. खरं ऊन आजीवर आणि भिंतीवर सारखंच पडतं, तसंच हे दिसतं. किंमत एवढीच की १ वरून ४ मीटरवर जाताना चार स्टॉप जातात, १/१६ चं काम पूर्ण पॉवरवर येतं. पूर्ण पॉवरला फ्लॅश परत भरायला वेळ घेतो, आणि तोवर आजींचा चेहरा 'झालं काय?' असा होतो.

म्हणून जागेचे दोन्ही फ्लॅश एकाच स्टँडवर बांधले, दोन्ही अर्ध्या पॉवरवर. उजेड एका पूर्ण फ्लॅशएवढा, भरायला निम्मा वेळ. बांधताना शेजारी शेजारी बांधू नका. दोन डोकी आडवी असली की उभ्या गजांच्या सावलीला जुळी कड येते आणि ऊन खोटं पडतं. एकावर एक बांधली की उभ्या गजाची सावली एकच राहते. आडव्या पट्टीची कड तेवढी जरा विरते, ती कुणाच्या लक्षात येत नाही. दोन्हींवर अर्धा सीटीओ. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ५५०० वर ठेवला, त्यामुळं दारातून येणारा पावसाळी उजेड निळसर राहिला आणि खिडकीतलं 'ऊन' पिवळं झालं. रेडिओ लाकडी खिडकीतून आरामात पोचतो. दुसऱ्या फ्लॅशची चमक बघून पेटणारे जुने स्लेव्ह असते तर या कोनात त्यांना काही दिसलंच नसतं.

बाहेर पाऊस धो-धो. फ्लॅश पारदर्शक पिशवीत, पिशवीचं तोंड खाली सोडलेलं, वर भाच्यानं धरलेली छत्री. आजी आतून ओरडत होत्या, "त्या पोराला आत घ्या की गा, भिजून मरंल." भाचा म्हणाला, "आजी, मी ऊन धरलंय."

आजींच्या चेहऱ्याला ए फ्लॅश, छत्रीतून, पॉवर अगदी १/१६, फक्त सावलीतला गाल बुडू नये म्हणून. चष्म्यात छत्रीचं पांढरं वर्तुळ येत होतं. स्टँड वीतभर उंच केला आणि चष्म्याच्या दांड्या कानावर किंचित उचलल्या, म्हणजे काचा खाली झुकतात आणि प्रतिबिंब खाली निघून जातं. चष्मा काढायला सांगू नका. रोज चष्मा घालणाऱ्या माणसाचं तोंड चष्म्याशिवाय त्याच्याच घरच्यांना ओळखू येत नाही.

त्याच घरातल्या आजोबांचा फोटो पांढरी टोपी, पांढरं धोतर आणि शेतात रापलेला चेहरा असा. टीटीएल असता तर पांढरं जास्त बघून चेहरा अंधारात टाकला असता, पुढच्या फोटोत आणखी वेगळं. मॅन्युअलवर टोपी तेवढी फुटत होती, म्हणजे नुसती पांढरी पडत होती, कारण छत्री वरून होती आणि टोपी तिला चेहऱ्यापेक्षा जवळ. छत्री चेहऱ्याच्या पातळीवर उतरवून अर्धा मीटर मागं घेतली, टोपीच्या विणीचे धागे परत दिसायला लागले.

बाकी किरकोळ. प्रत्येक फ्लॅशला चार निकेल-मेटल हायड्राइड सेल, म्हणजे बारा. सेलच्या चौकडीवर एकच अक्षर लिहून ठेवा आणि चौघांना एकत्रच चार्ज करा, एक दमलेला सेल बाकीच्या तिघांना खाली ओढतो. दमट हवेत लेन्सना बुरशी धरते, त्यासाठी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रता-मापक. काटा ४० ते ५० टक्क्यांमध्ये ठेवतो.

पुढचं काम खानापूरच्या कुंभारांकडं, मडकी भाजायचा आवा पेटलेला असताना. आगीचा रंग २००० केल्विनच्याही खाली असू शकतो, एक पूर्ण सीटीओ लावूनही फ्लॅश तिच्यापुढं निळाच दिसणार. दोन एकावर एक लावायचे तर दीड-पावणेदोन स्टॉप उजेड जातो, शिवाय ज्वाळा दिसायला शटर १/३० च्या आसपास उतरवावं लागेल. जागेचे फ्लॅश तिथं लागतील का, की आवाच जागेचा उजेड देईल आणि माझे दोन पिशवीतच राहतील, ते ठरलेलं नाही. कुणी भट्टीसमोर दोन जेल लावून काम केलं असेल तर पॉवर आणि अंतर तेवढं कळवा.